रॅम्प मागितला, दुआ मिळाली

आमच्या भागातल्या एका मशिदीचं नवं बांधकाम दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालं. माशाअल्लाह, काम देखणं झालं. मिनार उंच झाले, आत गुळगुळीत फरशी आली, वजूखान्याला नवे नळ लागले. आणि जुन्या दोन पायऱ्यांच्या जागी सात पायऱ्या आल्या. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत शिरायचं म्हणून जोतं उंच घेतलं, हे कारण खोटं नाही. पण मी काम चालू असतानाच कमिटीच्या सदर साहेबांना भेटलो होतो. चंद्याची पावतीही फाडली आणि वहीच्या कागदावर मापही काढून दिलं. सात पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे साडेतीन फूट उंची. एक फूट चढायला बारा फूट लांबी या हिशेबाने बेचाळीस फुटांचा रॅम्प. एका सरळ रेषेत जागा नसेल तर वजूखान्याच्या भिंतीकडून मध्ये एक वळण देऊन एकवीस-एकवीस फुटांचे दोन तुकडे. एवढंच.

सदर साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्टर साब, तुम कायकू इत्ती तकलीफ उठाते? माजूर को तो घर में पढ़ने की इजाजत है. घर में पढ़ लेव. अल्लाह दिल देखता." आणि तिथेच हात उचलून माझ्या शिफासाठी दुआ केली. बसलेल्या सगळ्यांनी आमीन म्हटलं.

त्या आमीनमध्ये कुणाचाही द्वेष नव्हता, हे मी कसम खाऊन सांगतो. ती माणसं भली आहेत. माझ्या वालिदांच्या मयतीला त्यांनीच खांदा दिला. आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागतोय. तोंडावर अपमान करणाऱ्याला उत्तर देता येतं. दुआ करणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? मी त्या दिवशी घरी आलो आणि जोहर घरीच पढलो. रॅम्प झाला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी दोन वर्षांचा होतो तेव्हा, १९८३ साली, मला ताप आला. सुई टोचली गेली, ताप उतरला आणि उजवा पाय गेला. त्या काळात आमच्याकडे पोलिओचा डोस घरोघरी येत नव्हता. पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली १९९५ मध्ये. अम्मीला शेजारणींनी सांगितलं, नजर लागली. मग दर्ग्यावरचं तेल, तावीज, गरम वाळूचा शेक, सगळं झालं. सातवीत असताना एका शिबिरात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर मिळालं आणि मी उभा राहिलो. तेव्हापासून आजपर्यंत उभा आहे. बीएड केलं, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, उमरीच्या स्टेशनवरून पॅसेंजरही पकडतो.

कॅलिपरची एक अडचण सांगतो, कारण ती न वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कॅलिपरच्या पट्ट्या बुटात अडकवलेल्या असतात. बूट काढला की कॅलिपर निघतं आणि कॅलिपर निघालं की मी उभा राहू शकत नाही. मशिदीच्या दारात सगळे चप्पल काढून आत जातात आणि मी दारात बसून विचार करतो, आता सरपटत जायचं की परत फिरायचं? मी यावर उपाय काढला. मशिदीपुरता वेगळा, कधीही रस्त्याला न लागलेला बूट पिशवीत घेऊन जातो आणि पायरीवर बसून बदलतो. तरीही दर वेळी कुणीतरी नवखा ओरडतोच, "जूते, जूते!"

आता त्या शब्दाकडे येतो. माजूर. मी भाषेचा मास्तर आहे, शब्दाशी माझा रोजचा संबंध. उर्दूत अपंगाला माजूर म्हणतात. मूळ अरबी शब्द उज्र, म्हणजे सबब, अडचण, क्षमेला पात्र कारण. माजूर म्हणजे ज्याला त्याच्या अडचणीमुळे माफी आहे असा माणूस. शब्द किती मायेचा आहे पाहा. रोजा झेपत नसेल तर सवलत, उभं राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर पडून. ही सवलत मला माझ्या रबने दिली आहे आणि ती केव्हा घ्यायची हे ठरवण्याचा हक्कही माझाच आहे. पण आपण काय केलं? ती सवलत माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतःला लावून घेतली. माजूरला मशिदीत येण्याची माफी आहे, म्हणून कमिटीला रॅम्प बांधण्याची माफी. माजूरवर अमुक फर्ज नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आपल्यावरही काही फर्ज नाही. सबब माझी आणि फायदा तुमचा, असा हा व्यवहार आहे.

"घर में पढ़ लेव" म्हणणाऱ्यांना मी हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांची आठवण करून देतो. ते अंध होते. मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या मोठ्या सरदारांशी बोलत असताना ते मध्येच आले. प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली. अंधाला ती दिसलीही नसेल. पण त्या एका आठीवर कुरआनची अख्खी सूरह उतरली, सूरह अबस, ऐंशीवी. सरदारांकडे लक्ष आणि शिकायला आलेल्या अंधाकडे दुर्लक्ष, याबद्दल थेट प्रेषितांना टोकलं गेलं आणि ते टोकणं कयामतपर्यंत तिलावतीत राहणार आहे. आपण ती सूरह मुलांकडून पाठ करून घेतो, बक्षिसं देतो. तिचा अर्थ दारात काठी टेकून उभा असतो आणि आपण त्याला "बाजू हो" म्हणतो.

हेच इब्न उम्मे मक्तूम पुढे मदिन्यात मुअज्जिन झाले. रमजानमध्ये हजरत बिलाल यांच्या अजाननंतर खाणं चालू राही, यांची अजान झाली की थांबे. प्रेषित मोहिमेवर जात तेव्हा अनेकदा मदिन्यात मागे इमामत करण्याची जबाबदारी या अंध सहाबींवर सोपवली जाई. आणि सही मुस्लिममधली ती प्रसिद्ध हदीस तर माझ्या विषयाचीच आहे. एका अंध सहाबींनी विचारलं, मला मशिदीपर्यंत आणणारा कुणी नाही, मी घरी नमाज पढू का? आधी परवानगी मिळाली. ते परत वळले तेव्हा त्यांना पुन्हा बोलावून विचारलं गेलं, अजान ऐकू येते का? येते म्हणाले. मग या, असं सांगण्यात आलं. उलेमांनी या हदीसवर बरीच चर्चा केली आहे, सवलत कुणाला आणि किती, यावर मतं वेगळी आहेत. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण एक गोष्ट साध्या माणसालाही कळते. त्यांना जमातीत बोलावलं गेलं. आणि ज्याला बोलावलं त्याच्यासाठी वाट ठेवावी लागते. माझ्या घरी अजान लाऊडस्पीकरवरून दिवसातून पाच वेळा येते. बोलावणं पोचतं, वाट नाही.

यावर जे आक्षेप मी ऐकले, ते एकेक घेतो.

पहिला आक्षेप: व्हीलचेअरची, तीनचाकीची चाकं रस्त्यावरून येतात, मस्जिद नापाक होईल. हे सांगणाऱ्यांत एक हाजी साहेब होते. मी त्यांना विचारलं, तुमच्या अम्मीने तवाफ कसा केला? म्हणाले, व्हीलचेअरवर, गुडघे गेलेत ना तिचे. हरम शरीफमध्ये चाकाची खुर्ची चालते, तवाफला चालते, सफा-मरवाच्या सईला चालते, तिच्यासाठी वेगळा मार्ग आहे. आणि आमच्या गल्लीच्या मशिदीत चालत नाही? खुद्द प्रेषितांनी हज्जतुल विदामध्ये उंटावर बसून तवाफ केल्याचं बुखारीत आहे. उंट तर चाकापेक्षा बराच बेभरवशाचा. तरीही मन मानत नसेल तर एक साधी खुर्ची मशिदीत आतल्या वापरासाठी ठेवा. दारात बाहेरची सोडायची, आतल्या खुर्चीत बसायचं. चाकं पुसायला एक फडकं ठेवा. मस्जिद स्वच्छ राहिलीच पाहिजे. त्यासाठी माणूस बाहेर ठेवायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप: दोन-चार माणसांसाठी एवढा खर्च? अहो, दोन-चारच का दिसतात? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले. तेव्हा अपंगत्वाची व्याख्याही आजच्यापेक्षा आखूड होती. ही माणसं आहेत कुठे? घरात आहेत. पायऱ्या आहेत म्हणून येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून पायऱ्या आहेत. शिवाय मशिदीच्या मागच्या सफीत प्लास्टिकच्या खुर्च्या मोजा. दहा वर्षांपूर्वी दोन होत्या, आज दहा-बारा आहेत. ते सगळे गुडघ्यांचे रुग्ण रेलिंगला धरून एकेक पायरी चढतात. रॅम्प माझ्यासाठी मागितला तरी वापरणार तुमचे वडील, आणि काही वर्षांनी तुम्ही.

तिसरा आक्षेप: पैसा. यावर मी फार बोलत नाही. ज्या कमिटीकडे झुंबराला पैसा निघतो तिच्याकडे विटा आणि सिमेंटला निघत नाही, हे मला पटत नाही.

आणि ज्यांना दीनच्या दलीलीने फरक पडत नाही त्यांच्यासाठी कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, या कायद्यात एकवीस आहेत. या कायद्याने सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या केली आहे, तीत शाळा, दवाखाना, दुकान, स्टेशन यांच्याबरोबर धार्मिक कामासाठी वापरली जाणारी इमारतही नाव घेऊन आली आहे. मालकी सरकारी असो वा खाजगी. आणि जुन्या इमारती सुगम करायला नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे जून २०२२ मध्ये मुदत संपली. नवी इमारत तर अशी सोय असल्याशिवाय मंजूरच होता कामा नये. तेव्हा हे वाचून "बघा मुसलमानांच्या मशिदी" म्हणणाऱ्या इतर वाचक मित्रांनीही जरा थांबावं. हीच व्याख्या मंदिराला, विहाराला, चर्चला आणि मंगल कार्यालयाला लागू आहे. तुमच्या गावच्या देवळाच्या पायऱ्या तुम्ही मोजा, मशिदीच्या मी मोजतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सरकारलाही सुनावलं आहे की सुगमतेचे नियम हे निव्वळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि ते २००५ मध्ये न्यायालयात गेले होते. एकोणीस वर्षं एक अंध माणूस पायऱ्या चढत होता, असं म्हणा हवं तर.

सरकारचं काय, हा प्रश्न येणारच. सरकारने आम्हाला नाव दिलं. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवलं की विकलांग न म्हणता दिव्यांग म्हणावं. बघता बघता सगळ्या पाट्या बदलल्या. अपंग शाळांवरही नवा रंग आला. महाराष्ट्राने तर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. विभाग निघाला, ही चांगलीच गोष्ट आहे, तिला नावं ठेवत नाही. पण माझ्या पायात दिव्य असं काही नाही. एक पातळ, थंड पडणारा पाय आहे, जो हिवाळ्यात रात्रभर दुखतो. मला अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा, माजूर म्हणा, मी भांडणार नाही. पण तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आणि बसची पहिली पायरी मात्र गुडघ्याच्या वर, याला काय म्हणायचं ते आधी ठरवा. ३ डिसेंबरला जागतिक अपंग दिनी दरवर्षी मला कुठेतरी बोलावून शाल आणि नारळ देतात. स्टेजला पायऱ्या असतात. दोन जण काखेत हात घालून मला वर उचलतात आणि मग वक्ते सांगतात की अपंगांना स्वावलंबी केलं पाहिजे.

पण सरकारला झोडपणं सोपं आहे आणि त्यात आपली घरं सुटून जातात. म्हणून आता उंबऱ्याच्या आत येतो.

आपल्या किती घरांत अशी मुलगी आहे जी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते? मी एका घरी मुलांच्या सर्व्हेला गेलो होतो. आईने दोन मुली सांगितल्या. चहा घेऊन निघताना तिसरीचा आवाज आला. सतरा-अठरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. कधी शाळेत गेली नाही. तिचं प्रमाणपत्र काढू, युडीआयडी कार्ड काढू, असं म्हटलं तर आई रडायला लागली. "सर, कागद पे नाम आया तो बड़ी का रिश्ता टूट जाता." तिला मी दोष देत नाही. रिश्ता खरोखर तुटला असता. दोष त्यांना देतो जे मुलगी बघायला येतात आणि "खानदान में कोई ऐसा-वैसा तो नहीं?" विचारतात. त्यांतले कितीतरी पाच वक्ताचे नमाजी असतात. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतर लगेच मेंदूला इजा झाल्याने होते. मोठ्या बहिणीच्या लग्नाशी तिचा काय संबंध? पण एका खोट्या समजुतीपायी एक जिवंत मुलगी कागदावर जन्मलेलीच नाही. कागद नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान नाही, जे दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं. कागद नाही म्हणून खुर्ची नाही, फिजिओथेरपी नाही. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्या यादीतही ती नाही. आणि मोहल्ल्यात भाषण काय? "आपल्या लोकांना सरकार काही देत नाही."

नावांचंही तसंच. आपल्या गावात लंगडा, बहिरा, काना, पगला हे शब्द नावाला जोडूनच बोलतात, जणू आडनाव आहे. मलाही पोरं मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. वर्गात "वासरात लंगडी गाय शहाणी" ही म्हण आली की तीस डोळे वाचनाच्या ओळीवरून माझ्या पायावर येतात. मी म्हण समजावतो, वाक्यात उपयोग करून घेतो आणि पुढे जातो. पोरांवर राग नाही. ती घरचं बोलतात. पण सूरह हुजरातमध्ये वाईट टोपणनावांनी हाक मारायला स्पष्ट मनाई आहे, आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे अपंग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. दोन्हीकडून मनाई असलेली गोष्ट आपण मजेत करतो.

आणि एक प्रकार असा की ज्याबद्दल बोलताना माझा तोल सुटतो. नात्यातल्या एका मास्तरांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "आपका सर्टिफिकेट किधर से बनाया? कितना लगा?" त्यांना बदलीत सोयीची शाळा हवी होती. ऐकू कमी येतं असा कागद त्यांना पाहिजे होता. हे सगळं त्यांनी माझ्या कानात कुजबुजून सांगितलं आणि माझं कुजबुजतं उत्तर त्यांना नीट ऐकूही आलं! मी म्हटलं, मला फार महाग पडलं हो. एक पाय लागला. ते हसले. बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या महाराष्ट्रात आता नव्या नाहीत. प्रत्येक खोटा कागद एका खऱ्या बहिऱ्याची जागा खातो, आणि वर पडताळणीची रांग लागते ती आमच्यासाठी. खरा पाय घेऊन मला तो पुन्हा पुन्हा दाखवायला जावं लागतं, कारण कुणीतरी खोटा कान विकत घेतला. जकातीचा पैसा हक्कदार नसताना खाणाऱ्याला आपण काय म्हणतो? मग याला काय म्हणायचं?

इथपर्यंत मी इतरांवर बोट ठेवलं. आता स्वतःवर.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा. नाव पुकारलं की उशिरा "हाजिर" म्हणायचा. इमला घातला तर निम्मे शब्द गाळायचा. कानातून घाण वास यायचा म्हणून शेजारी कुणी बसत नसे. मी त्याला ढ समजलो, मग उर्मट समजलो. दोनदा कान धरून उभं केलं. होय, कानच धरला. त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं की याच्यात दम नाही, कामधंद्याला लावा. मग शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. डॉक्टरने कानात बॅटरी टाकून पाहिलं आणि मला विचारलं, "सर, याला ऐकू येत नाही, तुम्हाला माहीत नव्हतं का?" लहानपणापासून कान वाहत होता, पडदा फाटला होता, दोन्ही बाजूंनी.

मला माहीत नव्हतं. मी बीएड आहे. आमच्या अभ्यासक्रमात "अपवादात्मक बालके" असं एक प्रकरण होतं, त्यावर मी परीक्षेत चांगले गुण घेतले होते. आणि मी स्वतः पोलिओचा. शाळेत ज्याला लंगडी खेळताना बाहेर बसवत तो मुलगा मीच होतो. तरी मला समोरचं मूल दिसलं नाही, कारण मला फक्त माझ्यासारखं अपंगत्व दिसत होतं. काठी, कॅलिपर, तीनचाकी. न दिसणारं अपंगत्व मीही मस्तीच्याच खात्यात टाकलं. सदर साहेबांनी मला निदान दुआ तरी दिली. मी त्या मुलाला तीही दिली नाही.

त्याच्या कानाचा इलाज सुरू झाला. मी त्याला पुढच्या बाकावर घेतलं आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद केलं. वर्षाअखेरीस तो इमला बरा लिहू लागला. पण त्याची तीन वर्षं गेली होती आणि त्यांतलं एक माझ्या हातून. मी त्याची माफी मागितली. त्याने मान डोलावली. ऐकू आलं की नाही, मी विचारलं नाही.

मुंबईला वांद्र्यात बहिऱ्यांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. ज्या वर्षी माझा पाय गेला त्याच वर्षी, १९८३ मध्ये ती स्थापन झाली. तिला नाव आहे अली यावर जंग यांचं, हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता तिथलाच माणूस. आपल्या नावाच्या पाट्यांचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या पाटीखाली जे काम चालतं, मुलाचा कान वेळेत तपासणं, ते आपल्या मोहल्ल्यात पोचवायला कुणाला वेळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की शाळांत अशा मुलांसाठी विशेष शिक्षक हवा. तो येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आमच्यासारख्या साध्या मास्तरांनी मूल मारण्याआधी त्याचा कान आणि डोळा तपासून घ्यावा, एवढं तरी करता येतं.

काहीजण म्हणतील, मास्तर, तुम्ही फार मागता. पाहू किती मागतो ते. दमिश्कच्या उमय्यद मशिदीचा बांधणारा खलिफा वलीद, इसवी सन ७०५ ते ७१५. त्याच्याबद्दल इतिहासकारांनी लिहिलं आहे की त्याने अंधांना वाट दाखवणारा आणि पांगळ्यांना मदतनीस नेमून दिला आणि त्यांना भीक मागायला लावू नका असं बजावलं. तेराशे वर्षांपूर्वी बादशहा हे करू शकत होता. मिसरचे ताहा हुसेन लहानपणीच अंध झाले आणि १९५० मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले. सौदीचे ग्रँड मुफ्ती शेख बिन बाज अंध होते. ही नावं मी प्रेरणेसाठी देत नाही, प्रेरणेचं भाषण मला ३ डिसेंबरला पुरेसं मिळतं. मी एवढंच सांगतो की त्यांना कुणीतरी आत येऊ दिलं होतं.

तेव्हा माझी मागणी लिहून ठेवा. मशिदीला, शादीखान्याला, शाळेला एकास बारा उताराचा रॅम्प, बाजूला कठडा. ज्याच्या शेवटी पुन्हा एक पायरी आहे असा रॅम्प नको, आणि ज्यावरून फक्त बकरी चढेल असाही नको. वजूखान्यात एक नळ उंचावर, समोर पक्की बैठक. घरात लपवलेल्या मुलाचं प्रमाणपत्र. त्यासाठी उमरीहून नांदेडला जाणं होत नसेल तर मी सोबत येतो, कागद मी भरतो. रिश्ता बघायला जाल तेव्हा तो एक प्रश्न विचारू नका. आणि जकात द्यायचीच असेल तर अपंगाच्या हातावर दहाची नोट ठेवून सवाब घेण्याऐवजी त्याला दुकानाला भांडवल द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तो जकात देईल.

येत्या जुम्याला जरा लवकर निघा. चप्पल काढण्याआधी मशिदीच्या पायऱ्या मोजा, एका पायरीची उंची वितीने मापा. फूट काढा, बाराने गुणा. आलेला आकडा कागदावर लिहून सदर साहेबांच्या हातात द्या. माझा कागद त्यांच्या खिशात आहे. एकट्याचा आहे म्हणून तो खिशात राहिला. पन्नास कागद आले तर खिसा पुरणार नाही.

आणि दुआही करा. दुआ मला हवीच आहे. फक्त ती वरच्या पायरीवर, तुमच्या शेजारी, सफीत उभं राहून मागायची आहे.